सरकत्या बटणांचा साहेबी फोन गटाला परवडेल का?

आज मी चटणीबद्दल बोलणार नाही. आज एका फोनबद्दल बोलायचंय. तो आमच्या गटात आठ दिवस पाहुणा म्हणून राहिला, आणि त्याच्यापायी आमच्या एक वहिनी दोन बैठकांना आल्या नाहीत.

आमचा गट अकरा जणींचा. शेंगांची चटणी, जवसाची चटणी, काळा मसाला हा आमचा धंदा. मी गटाची सचिव. ऑर्डरी येतात त्या माझ्या घरच्या फोनवर, आणि तो फोन सकाळी मुलाबरोबर कॉलेजात जातो. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका ताईंनी वीस किलोची ऑर्डर टाकली होती. मी ती पाहिली संध्याकाळी सातला. तोवर त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. त्या बैठकीत ठराव झाला, की गटाचा स्वतःचा फोन घ्यायचा. नऊ हजार रुपये बाजूला काढले. हे पैसे कुणा एकीचे नाहीत, अकरा जणींच्या बचतीचे आणि कर्जाच्या व्याजाचे आहेत. म्हणून पुढचं सगळं इतकं ताणलं गेलं.

वहिनींचा भाचा पुण्यात कंपनीत आहे. त्याच्या साहेबांचा जुना फोन त्याच्याकडे होता. तो म्हणाला, "सहा हजारांत देतो, मावशीच्या गटाला म्हणून." फोनचं नाव ब्लॅकबेरी प्रिव्ह. जानेवारी २०१६ मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत होती ६२ हजार ९९० रुपये. बैठकीत हा आकडा ऐकल्यावर सगळ्याजणी एकदम सरसावून बसल्या. बासष्ट हजारांची वस्तू सहा हजारांत! वर तीन हजार गटाकडे शिल्लक.

आणि फोन होताही देखणा. वरून सगळ्या फोनसारखाच, काचेचा, कडा बाकदार. पण अंगठ्याने पडदा वर सरकवला की टक् असा आवाज होऊन खालून बटणांचा छोटा फळा बाहेर यायचा. इंग्रजीची सव्वीस अक्षरं, प्रत्येकाला वेगळं बटण. तो हातोहात फिरला. प्रत्येकीने दोन-तीनदा टक् केलं. माझी सून तर खिडकीतून बघत होती.

ही बटणं आली कुठून, ते थोडक्यात सांगते. ब्लॅकबेरी ही कॅनडाची कंपनी. मोठमोठ्या कचेऱ्यांतले लोक प्रवासात असताना त्यांना लांबलचक पत्रं लिहिता यावीत, म्हणून तिने बटणांचे फोन काढले, आणि साहेब लोकांच्या हातात ते वर्षानुवर्षं दिसले. अंगठे बटणावर बसले की न बघता लिहिता यायचं. अँड्रॉइडचा अगदी पहिला फोन २००८ मध्ये निघाला, त्यालाही सरकणारी बटणं होती. पुढे काचेवर लिहायची सवय सगळ्यांना लागली आणि बटणं मागे पडली. प्रिव्ह हा या कंपनीने अँड्रॉइडवर काढलेला पहिला फोन, नोव्हेंबर २०१५ चा. तोवर बाजार दुसऱ्यांनी काबीज केला होता. २०१६ च्या सप्टेंबरात कंपनीने जाहीर केलं, की यापुढे आम्ही स्वतः फोन तयार करणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं माहीत होतं तर तिथंच नको का म्हणाली नाहीस? नाही म्हणाले, कारण आमच्या आक्का.

आक्का आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या. जन्मभर शेंगा फोडल्या, मिरच्या कांडल्या, खुरपं धरलं. त्यांच्या बोटांची टोकं अशी झालीत, की रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही, चार-चार वेळा पुसून ठेवावा लागतो. फोनच्या काचेचंही तसंच. आपल्याला वाटतं काच दाबावी लागते, पण तसं नसतं. काचेखालच्या पडद्यात अगदी बारीकशी वीज खेळत असते. बोट टेकलं की त्या विजेत फरक पडतो, तो पडद्याला जाणवतो आणि त्यावरून तो जागा ओळखतो. कातडी जाड, कोरडी, भेगाळलेली असली की हा फरक नीट पोचत नाही. पिठाच्या हाताने किंवा ओल्या हाताने फोन लावताना हाच ताप होतो. आक्का कितीही जोर लावून दाबोत, काचेला जोर कळतच नाही. मग त्या म्हणतात, "मला नाही जमायचं बाई, तू लाव." आपण म्हणतो, वय झालं. दोष वयाचा नसतो, बुद्धीचा तर मुळीच नसतो.

त्या दिवशी आक्कांनी या फोनची बटणं दाबली आणि लेकीचा नंबर स्वतः लावला. बटण खाली जातं, वर येतं, बोटाला कळतं. पलीकडून लेक म्हणाली, "कोण लावून दिला?" आक्का म्हणाल्या, "मीच." त्यानंतर फोन नको असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार? मी एवढंच म्हटलं, "आठ दिवस वापरून बघू, मग ठरवू." भाच्याने ते कबूल केलं. पोरगा चांगला आहे, त्याच्या मनात काही नव्हतं.

तर मैत्रिणींनो, आठ दिवस मी काय केलं? फोनने काय काय करता येतं ते मी बघितलं नाही. आपलं काम त्यावर होतं का, ते बघितलं. आपली कामं तीन. ऑर्डरींना उत्तर देणं, बैठकीचा हिशेब भरणं आणि बँकेचा व्यवहार.

पहिलं काम ऑर्डरींचं. बटणांवर मराठीचं एकही अक्षर छापलेलं नाही. मराठी लिहायची तर ती बटणं आत सारायची आणि काचेवरच लिहायचं. मग बटणं कशाला? म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून बघितली, आपली पोरं लिहितात तशी. एका गिऱ्हाईकाला कळवायचं होतं, की चटणी पॅक केली आहे, पण माल न्यायला तुमच्याकडच्या दोन पाटी पाठवा. मी इंग्रजी अक्षरांत 'दोन पाटी पाठवा' असं लिहिलं. पलीकडून हसण्याची चित्रं आली आणि उत्तर आलं, 'एकच पती आहे, तोही कामावर गेलाय.' आता यात हसून सोडून देता आलं. पण इंग्रजी अक्षरांत काल आणि काळ सारखंच, डाळ आणि दल सारखंच. माल आणि पैसा यांचं बोलणं चालू असताना असं लिहिणं बरं नव्हे. आपल्याकडे २०१७ पासून फोनवर मराठीत बोलून लिहायची सोय आली आहे. कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबून मी बोलले, तर चार ओळी क्षणात उमटल्या. आडनावं चुकली, तेवढी सुधारली. म्हणजे लिहिण्यासाठी बटणं लागतातच, असं राहिलं नाही.

दुसरं काम हिशेबाचं. हिशेब म्हणजे काय, सगळे आकडेच. बचत दोनशे, हप्ता अकराशे, व्याज बावीस. आणि इथं मला एक गोष्ट दिसली, जी टक् टक् करताना कुणाच्या लक्षात आली नव्हती. या बटणांवर आकड्यांची वेगळी ओळच नाही. आकडे अक्षरांच्याच बटणांवर, कोपऱ्यात, मोहरीएवढे छापलेले. साध्या मजकुरात आकडा हवा असेल तर आधी एक वेगळं बटण दाबायचं, मग आकड्याचं. साहेबाला पत्र लिहायचंय, त्याला आकडे कमी लागतात. आपलं सगळं उलटं. आक्कांना नंबर लावता आला, कारण नंबर लावायच्या जागी फोन आपणहून आकडे धरतो. पण हिशेबाच्या नोंदीत ते बारीक आकडे त्यांना चष्मा लावूनही दिसेनात. बटणं बोटाला बरी पण डोळ्याला वैरी, असं त्यांचंच म्हणणं.

तिसरं काम बँकेचं. इथं मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गटाचा पैसा इथंच असतो.

फोनच्या सेटिंगमध्ये जा. अगदी शेवटी 'फोनबद्दल' असं लिहिलेलं असतं. ते उघडलं की अँड्रॉइडचा क्रमांक दिसतो, आणि त्याच्या आसपास 'सुरक्षा अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच' असं लिहून एक तारीख असते. काही फोनमध्ये ती आणखी एक पायरी आत असते. ही तारीख बघायला शिका. कॅमेरा किती मोठा, रंग कोणता, हे दुकानदार सांगतोच. ही तारीख तो सांगत नाही.

तारखेचा अर्थ असा. आपण धान्याची कणगी लिंपतो. लिंपली तरी उंदीर नवं भोक पाडतोच. मग आपण ते बुजवतो. फोनमध्येही चोर नवनवी भोकं शोधत असतात आणि कंपनी ती बुजवायचं सामान पाठवत राहते. तेच अपडेट. ज्या दिवशी कंपनी सामान पाठवायचं थांबवते, त्या दिवसापासून पडलेलं प्रत्येक भोक उघडंच राहतं. फोन बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

प्रिव्ह हे नावच कंपनीने प्रायव्हसी या शब्दावरून घेतलं होतं. आपली खासगी गोष्ट खासगी राहावी हा त्या फोनचा मोठा गुण म्हणून सांगितला जायचा, आणि त्या काळी ते खरंही होतं. कंपनीने दोन वर्षं अपडेट द्यायचा शब्द दिला होता, तो पाळला, आणि २०१७ संपताना थांबली. फोन अँड्रॉइड ५ वर निघाला, ६ वर आला आणि तिथंच राहिला. यात फसवणूक काही नाही. पण आज तो फोन म्हणजे कित्येक वर्षं न लिंपलेली कणगी आहे. आमच्या खात्याचा ओटीपी ज्या फोनवर येणार, तो असा चालेल का?

बँकेचं ॲप टाकायला गेले, तर ते या फोनवर चालणार नाही असंच लिहून आलं. मला तर बरंच वाटलं. चाललं असतं तर मोह झाला असता. व्हॉट्सॲप चाललं. पण व्हॉट्सॲपही जुन्या फोनांना एकेक करून सोडत जातं. नोकियाच्या जुन्या सिम्बियन फोनांना त्याने २०१७ च्या जूनअखेर सोडलं, ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या जुन्या प्रणालीला त्याच वर्षाच्या शेवटी, आणि अँड्रॉइड ४.४ ला २०२५ च्या सुरुवातीला. आज चालतंय ते पुढच्या दिवाळीत चालेलच असं धरून सहा हजार घालायचे का, हा प्रश्न होता.

ओघात एक सांगते. कुणी तुम्हाला याहून जुना, अँड्रॉइड नसलेला बटणांचा ब्लॅकबेरी देऊ केला, तर तो फुकटही घेऊ नका. त्या फोनांच्या सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ पासून बंद केल्या आणि साधा कॉल किंवा मेसेजसुद्धा खात्रीने चालणार नाही असं स्वतःच कळवलं होतं.

बाकी दोन-तीन गोष्टी भराभर सांगते, कारण त्या कुठल्याही जुन्या फोनला लागू आहेत. बॅटरी आत चिकटवलेली आहे का, आणि बदलायची झाली तर जवळच्या बाजारात मिळेल का, ते विचारा. या फोनची बॅटरी आतच बंद आहे, आणि तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली. सिम एकच बसतं की दोन? यात एकच. आपलं स्वतःचं सिम घालून, आपल्याच घरात बसून एक कॉल लावून बघा, दुकानात नव्हे.

फोन चोरीचा नाही ना, हेही घरबसल्या कळतं. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ आकडी नंबर दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं लिहायची, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर लिहायचा आणि १४४२२ ला पाठवायचा. सरकारकडून त्या फोनची माहिती परत येते. भाच्याचा फोन अगदी स्वच्छ निघाला, हे मी बैठकीत मुद्दाम मोठ्याने सांगितलं. आणि आधीच्या मालकाने आपलं गुगल खातं त्यातून काढलंय का, तेही त्याच्यासमोरच बघून घ्या. खातं न काढता कुणी फोन पुसून टाकला, तर तो पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचं खातं नाहीतर त्याचं कुलूप मागतो. मालक गाठता आला नाही तर फोन हातात असून नसल्यासारखा.

आठव्या दिवशी बैठक बसली. मी सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भाच्याने भंगार आणलं म्हणायचं." तसं कुणीच म्हटलं नव्हतं, पण त्यांच्या कानाला तेच ऐकू आलं. फोन परत द्यायचं ठरलं, नऊ विरुद्ध दोन. एक हात वहिनींचा आणि दुसरा आक्कांचा. आक्कांचा हात बघून मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यांचं म्हणणं खरंच होतं, की तुम्हाला सगळ्यांना काच चालते, मला चालत नाही, मग गटाचा फोन माझा कसा?

या प्रश्नाला उत्तर शोधायला मला आठ दिवस लागले. फोन आम्ही नवा, साधाच घेतला, आठ हजार दोनशेचा. घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारले. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, आणि ओटीजी चालतं का? पहिल्याला तो गडबडला. मग त्याने कंपनीच्या साइटवर शोधून दाखवलं. ओटीजी म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावायची एक छोटी जोडणी. शंभर-सव्वाशेला मिळते. तिच्या दुसऱ्या टोकाला संगणकाचा साधा कीबोर्ड लागतो. तसा एक कीबोर्ड माझ्या सुनेचा होता, मराठी टायपिंगच्या परीक्षेच्या वेळी घेतलेला, माळ्यावर धूळ खात पडलेला. त्याच्या उजव्या अंगाला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो, एक ते नऊ आणि खाली लांबलचक शून्य. बटणं बोटाएवढी, आकडे ठळक.

पुढच्या बैठकीत फोन डब्याला टेकवून उभा केला, कीबोर्ड चटईवर ठेवला आणि आक्कांना म्हटलं, मी नावं वाचते, तुम्ही आकडे घाला. पहिल्याच नोंदीला त्यांनी दोनशेच्या जागी दोन हजार घातले. ज्या बाईची नोंद होती ती ओरडली, "अगं आक्का, राहू दे तसंच!" मग हसतहसत मागे जाऊन शून्य पुसलं. अकरा नोंदींना वीस मिनिटं लागली. मी एकटी सात मिनिटांत करते. पण आता ते काम आक्कांचंच आहे.

ज्यांना कीबोर्ड जोडायचा नाही त्यांनी निदान एवढं करा. काचेवरची जाडजूड स्वस्त काच काढून पातळ लावा. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये उंची वाढवायची सोय असते, ती वाढवा, म्हणजे अक्षरं मोठी होतात. काही फोनमध्ये हातमोजे घालूनही चालावं म्हणून स्पर्श तीव्र करायची सोय असते, ती सुरू करा. आणि बोट किंचित ओलसर करून पुसून मग टेकवा. आक्कांना यातलं निम्मं उपयोगी पडलं, निम्मं नाही.

वहिनी तिसऱ्या बैठकीला आल्या. आल्या त्या दारातच थांबल्या आणि पदराखालून स्वतःचा फोन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "ते तारखेचं कुठं बघतात म्हणालीस?" बघितलं तर पावणेतीन वर्षांपूर्वीची तारीख निघाली. त्यांच्या फोनवर गॅसचं अनुदान येतं, नातवाची फी जाते. अपडेट मागवून बघितलं, तर एक येऊन पडलेलंच होतं, त्यांनी कधी दाबलंच नव्हतं. ते उतरायला फोन अर्धा तास बंद-चालू होत राहिला. तोवर त्या आक्कांशेजारी बसल्या आणि नावं वाचायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं.